दुसऱ्या रकान्यातली सही

४ जून

चि. मधल्यास आणि चि. शेंडेफळास,
अनेक आशीर्वाद.

डायरीवर रुसून बसलेल्या माझ्या भावंडांनो, आपल्या तिघांची तक्रार एकच आहे, तेव्हा ती थोरली या नात्याने मीच मांडते. ज्या भावाला आपण लहानपणापासून डायरी म्हणतो, ज्याला सगळ्या नातेवाइकांचे फोन नंबर, वाढदिवस, कोणाला कोणतं औषध सोसत नाही, इतकंच काय, कोणी कोणाचा कधी अपमान केला तेही तोंडपाठ असायचं, तो आता आपल्याला विसरू लागला आहे. मधल्या, तू स्टेशनवर दीड तास बॅगेवर बसून राहिलास आणि तू येणार हेच त्याच्या ध्यानात नव्हतं. शेंडेफळ, तुझ्या ऑपरेशनची तारीख त्याने दोनदा विचारली आणि तिसऱ्या वेळी विचारलं, कसलं ऑपरेशन. आणि मला गेल्या आठवड्यात साठ वर्षं पूर्ण झाली. दरवर्षी सकाळी सातला येणारा त्याचा फोन आला नाही. आला तो चार दिवसांनी, आईच्या चष्म्याची दांडी कुठे दुरुस्त होते हे विचारायला.

मी चिडले. तीस वर्षं ग्रंथालयात काढलेल्या बाईला एवढं कळायला हवं होतं की पुस्तक जागेवर नसलं तर आधी शेजारची फळी बघायची, मग वाचकावर ओरडायचं. मी आधी ओरडले. वीस मिनिटं बोलले. माणसाने माणसाची आठवण ठेवणं हाच नात्याचा पाया, वगैरे. शेवटी तो शांतपणे म्हणाला की ताई, तू सुरुवातीला काय म्हणालीस ते परत सांगतेस का, माझ्या डोक्यातून गेलं.

तेव्हापासून मला चैन नाही. बाबांचं कसं सुरू झालं होतं ते तुम्हाला सांगायला नको. मी हे वाक्य खोडून पाहिलं, पण दुसरं सुचत नाही.

फोनवर माझं भाषण होतं. कागदावर निदान खाडाखोड करता येते. म्हणून यापुढे जे काय ते पत्राने. डायरीच्या बायकोला आजच लिहिते आहे. ती घरात बसून लोकांचे कपडे शिवते, तिचं लक्ष सगळीकडे असतं. तिचं उत्तर येईपर्यंत कोणीही त्याला टोमणे मारायचे नाहीत. शेंडेफळ, हे विशेषतः तुला.

तुमची काळजी करणारी आणि तुम्हाला दटावणारी,
ताई

---

८ जून

ती. ताईंना,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. तुम्ही ठेवलेल्या नावाला जागून मी ते तोंडात टाचण्या धरूनच वाचलं, त्यामुळे रडता आलं नाही, हे बरं झालं.

ताई, हे तुम्हालाच विसरतात असं समजू नका. कामावरून येतात, बूट काढतात आणि एक बूट हातात धरून उभे राहतात, पुढे काय करायचं होतं ते आठवत. निळ्या दोऱ्याचं रीळ आणायला पाठवलं तर दुकानात जाऊन परत येतात आणि मला विचारतात की मी बाहेर गेलो होतो का. आईंना गोळी दिली की नाही हे तीनदा विचारतात. परवा आई म्हणाल्या की एका घरात एकच म्हातारं पुरे, दुसऱ्याची भरती कशाला. आम्ही दोघी हसलो. हे हसले नाहीत. झोप तीन-चार तासांची, तीही तुकड्या तुकड्यांची. जेवताना कोणी भांडं आपटलं तर दचकून उभे राहतात.

आता खरी गोष्ट. ती मी तुम्हाला सांगू नये म्हणून यांनी मला शपथ घातली आहे, आणि मी ती मोडते आहे. मागच्या महिन्यात रक्तपेढीत यांच्या हातून चुकीची पिशवी वॉर्डात गेली. दुपारची वेळ होती. तिथल्या सिस्टरनी रोग्याला लावण्याआधी नंबर पाहिला आणि पिशवी परत पाठवली, म्हणून तो माणूस वाचला. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना कळलंसुद्धा नाही. पण चौकशी लागली आहे. २२ तारखेला अकरा वाजता यांना बोलावलं आहे. त्याआधी रक्तपेढीच्या प्रमुखांनी घरी न्यायला एक कागद दिला. त्यात लिहिलंय की चूक माझ्या निष्काळजीपणामुळे आणि क्षीण झालेल्या स्मरणशक्तीमुळे झाली, आणि मी आपणहून नोकरी सोडतो. सही केली की प्रकरण मिटेल म्हणे.

हे सही करणार आहेत. म्हणतात, बाबांचा आजार माझ्यात आला आहे, मी कोणाचा जीव घेण्याआधी बाजूला झालेलं बरं. डॉक्टरांकडे चला म्हटलं तर म्हणतात, मला काय झालंय ते मला माहीत आहे.

माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. पण ताई, या वेळी ओरडू नका. कसं ते तुम्हीच ठरवा.

तुमच्या मायेची सवय झालेली,
टाचणी

---

१० जून

चि. डायरीस,
अनेक आशीर्वाद.

टाचणीवर रागावू नकोस. शपथ मोडायला तिला मीच भाग पाडलं. राग माझ्या नावावर घाल, तिथे आधीच बराच जमा आहे.

मी ओरडणार नाही असं तिला मनातल्या मनात वचन दिलं आहे. तेव्हा फक्त विचारते. तू बावीस वर्षं रक्तपेढीच्या प्रयोगशाळेत काम केलंस. नमुना न तपासता कोणी रिपोर्ट लिहून आणला तर तू त्याचं काय करतोस? मग स्वतःचा रिपोर्ट कसा लिहिलास? बाबांचा आजार तुला आहे की नाही हे मला माहीत नाही. पण तुलाही माहीत नाही, आणि माहीत नसलेल्या गोष्टीवर तू आयुष्यभराच्या कामावर पाणी सोडायला निघाला आहेस.

कालपासून मी माझ्या जुन्या ग्रंथालयात जाऊन बसते आहे. नवी ग्रंथपाल मुलगी मला बघून पंखा माझ्याकडे वळवते आणि पुस्तकांचा ढीग ठेवून जाते. त्यातलं मला जेवढं कळलं तेवढं सांगते. माणूस महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं धास्तीत राहिला की अंगात एक रस सारखा पाझरत राहतो. वाघ समोर आला तर तो रस उपयोगी, जीव वाचवतो. पण वाघ रोजच दारात बसला तर तोच रस मेंदूला छळतो. मेंदूत खोलवर बोटाएवढा एक भाग आहे, नवी आठवण तिथे घडते. त्याच्या पेशींच्या फांद्या आखडतात. भीती ओळखणारा भाग मात्र तरारून उठतो. म्हणून माणूस भांडं पडलं की उडतो, आणि बायकोने सांगितलेलं रीळ विसरतो. जुनं पाठ असतं, आजचं टिकत नाही. आणि या पुस्तकांत असंही लिहिलंय की ताण उतरला, झोप मिळाली, तर आखडलेल्या फांद्या पुष्कळदा परत फुटतात.

हे तुझंच वर्णन आहे असं मी म्हणत नाही. मी डॉक्टर नाही, मी फार वाचणारी आणि फार बोलणारी बाई आहे. म्हणूनच म्हणते, जिला यातलं कळतं तिच्याकडे जा. टाचणीने मोठ्या दवाखान्यातल्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आहे, १३ तारीख. तू गेला नाहीस तर मी येईन, आणि मी आले की काय होतं ते तुझ्या शेजाऱ्यांनाही माहीत आहे.

घरात येरझारा घालून माझ्या चपलेचा तळ गेला. लवकर लिही.

तुझ्या पत्राकडे डोळे लावलेली,
ताई

---

१५ जून

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

गेलो होतो. तुझ्या धमकीला घाबरून नाही, शेजाऱ्यांची दया आली म्हणून.

डॉक्टरीणबाई माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असतील. त्यांनी दोन तास घेतले. शब्दांच्या याद्या म्हणून घेतल्या, घड्याळ काढायला लावलं, मागे मोजायला लावलं. मेंदूचा फोटो काढला, रक्त तपासलं. माझं रक्त दुसऱ्याने काढताना मी नळीवरचा नंबर दोनदा वाचला, तेव्हा त्या हसल्या. मग विचारलं, हे कधीपासून. मी म्हटलं दोन वर्षं. त्यांनी विचारलं, त्याआधीची चार वर्षं काय चाललं होतं. मी बाबांचं सांगितलं, ते वारले तोवरचं. त्यांना उचलणं, ते निघून गेले की शोधणं, ते मला ओळखेनात तरी मीच समोर असणं. त्या बराच वेळ लिहीत होत्या.

त्यांचं म्हणणं, बाबांचा आजार दिसत नाही. यादीतले शब्द मला आपणहून आठवले नाहीत, पण खूण दिली की बहुतेक सगळे सापडले. म्हणजे कोठार शाबूत आहे, फक्त दारावर इतका गोंधळ आहे की हवा तेव्हा माल हाती लागत नाही. त्या आजारात खूण दिली तरी सहसा सापडत नाहीत. तू पुस्तकात वाचलंस तेच त्यांनी सांगितलं, फक्त थोडक्यात. खात्री मात्र कोणी देत नसतं, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा तपासणार. तोवर झोपेची शिस्त, रोज चालणं, आणि डोक्यावरचं ओझं कमी. तिसरी गोष्ट कोणत्या दुकानात मिळते ते त्यांनी लिहून दिलं नाही.

आता तू खूश होशील, म्हणून पुढचं सांगायला हात धजत नाही. ताई, मी २२ तारखेला सही करणार आहे. आता तर नक्कीच.

आमच्या कामाची रीत तुला माहीत नाही. पिशवी बाहेर द्यायची तेव्हा दोन माणसं लागतात. एकजण पिशवीवरचा नंबर मोठ्याने वाचतो. दुसऱ्याच्या हातात रोग्याचा फॉर्म असतो. त्याने नुसतं हो म्हणायचं नाही, फॉर्मवरचा नंबर त्याने आपल्या तोंडाने परत वाचायचा. मग वहीत दोन रकाने, वाचणाऱ्याची सही आणि पडताळणाऱ्याची सही. माझ्यासोबतची बाई दोन वर्षांपूर्वी बदलून गेली, तिची जागा भरली नाही. प्रमुख तोंडी म्हणाले की दुसरा रकाना मोकळा ठेवू नका, तपासणीला वही बघतात. तेव्हापासून मीच वाचतो, मीच परत वाचतो. पहिली सही निळ्या पेनाने, दुसरी काळ्याने, थोडी तिरकी. लोकांना वाटावं की दोन माणसं आहेत.

त्या दुपारी मी पिशवीवरचा नंबर मोठ्याने वाचला. मग फॉर्म उचलला आणि परत वाचला, अगदी तोच. पण फॉर्मवर तो नव्हता, ताई. शेवटचे दोन आकडे वेगळे होते. माझे डोळे कागदावर होते आणि तोंडातून कानातलाच नंबर आला. मी मलाच उत्तर दिलं. मी फॉर्म वाचलाच नव्हता, आणि मी वाचला असं मला आजही वाटतं. मग काळ्या पेनाने सही केली.

बाबांचा आजार निघाला असता तर मी निर्दोष होतो. आजार नाही, म्हणजे मग ही चूक माझीच, नाही का? कागदात लिहिलेलं निष्काळजीपणा हे खरंच आहे. शिवाय चौकशीत तोंड उघडलं तर दोन वर्षांच्या त्या सगळ्या तिरक्या सह्या बाहेर येतील. त्या कोणी जबरदस्तीने करून घेतल्या नाहीत, माझ्याच हाताने झाल्या. सही केली की मुकाट्याने घरी बसता येईल.

आई ठीक आहे. तुझा वाढदिवस विसरलो हे टाचणीने सांगितलं. उशिरा का होईना, नमस्कार.

तुझ्या धाकाची आणि मायेची सारखीच सवय असलेला,
डायरी

---

१७ जून

ती. ताईंना,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुम्हाला पत्र टाकल्यापासून हे शांत झाले आहेत. मला ही शांतता आवडत नाही. भांडं पडलं तरी दचकत नाहीत. २२ तारखेचा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला आहे आणि तो कागद आईंच्या गोळ्यांच्या डब्याखाली. आईंना काही माहीत नाही. त्या म्हणतात, पोरगा सुधारला.

मी तो कागद उतरवून घेतला, सोबत पाठवते. शेवटून दुसरी ओळ बघा. तिथे छापलं आहे, त्या वेळी पडताळणी करणारी दुसरी व्यक्ती, आणि पुढे जागा कोरी. हे म्हणाले की ती प्रमुख नंतर भरतील.

अजून एक लिहायचं आहे. रागावलात तर रागवा. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं की वडिलांच्या आजारपणात घरचं दुसरं कोण मदतीला होतं. मी तिथेच बसले होते. हे म्हणाले की सगळे होते, ज्याचं त्याला काम होतं, पण सगळे रोज चौकशी करायचे. ताई, चौकशी करायचे हे खरं आहे. मला तेवढंच आठवतं.

तुमचं मन दुखावलं असेल तर माफ करा, पण वाक्य मागे घेत नाही.

टाचणी

---

१९ जून

चि. डायरीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र चौथ्यांदा लिहिते आहे. पहिल्या तीन खर्ड्यांत मी तुझ्या प्रमुखांना सोलून काढलं. वाक्यं झकास जमली होती, एखाद्या सभेत टाळ्या पडल्या असत्या. मग कळलं की त्यांच्यावर लिहिणं मला सोपं जातं, कारण त्यात माझं नाव येत नाही.

बाबांच्या त्या चार वर्षांत मी गावोगावच्या सभांतून माणसाच्या विश्रांतीच्या हक्कावर बोलत होते. तू दिवसा रक्तपेढीत होतास आणि उरलेला सगळा वेळ बाबांपाशी. मी दर रविवारी फोन करायची आणि विचारायची, औषध वेळेवर देतोस ना, डॉक्टरांना दाखवलंस ना. मला वाटायचं मी मदत करते आहे. मी तपासणी करत होते, रे. टाचणी सोडली तर घरातही कामाला दुसरं माणूस नव्हतं. मी, मधला, शेंडेफळ, आम्ही दुरून येऊन त्या रकान्यात फक्त सह्या करून जायचो. टाचणीने मला हे सांगितलं. तिचं वाक्य तिने मागे घेतलं नाही, आणि मी ते परत करणार नाही.

आता तुझं म्हणणं. आजार नाही म्हणजे अपराध आहे, हे तू कुठे वाचलंस? मी तर बरंच वाचलं आहे, मला कुठे सापडलं नाही. माणसाचा मेंदू खुंटीला टांगलेला सदरा नव्हे, की कितीही दिवस घातला तरी फक्त मळेल. तो झिजतो, आखडतो, आणि एके दिवशी डोळे कागदावर ठेवून कानातलं बोलतो. ही गोष्ट तुमची रीत बसवणाऱ्यांना पन्नास वर्षांपूर्वी ठाऊक होती. म्हणूनच त्यांनी दोन माणसं ठेवली. त्यांनी असं गृहीतच धरलं होतं की एका माणसाचं डोकं एखाद्या दुपारी त्याला फसवणार. चांगल्या माणसाचंही, डायरीचंही. दुसरा माणूस ही सोय नव्हती, तोच सगळा उपाय होता. तो काढून घेतला आणि मग चुकणाऱ्याला त्याच्या स्मरणशक्तीबद्दल सही करायला सांगितलं. यावर मी गप्प बसले तर आजवरचं माझं प्रत्येक भाषण फुकट गेलं.

त्या तिरक्या सह्या मात्र खोट्या आहेत. तिथे मी तुला पाठीशी घालणार नाही. तुला तोंडी सांगितलं गेलं हे खरं, पण पेन तुझ्या हातात होतं. ते बाहेर येईल, त्याचा जाब तुला द्यावा लागेल, नोकरीही जाईल कदाचित. मी खोटा धीर देत नाही. पण तू मुकाट्याने घरी बसलास तर काय होईल ते बघ. दुसऱ्या दिवशी तुझ्या खुर्चीवर कोणीतरी बसेल, तुझ्यासारखंच, त्याच्याही घरी कोणी आजारी असेल. त्यालाही सांगतील, रकाना मोकळा ठेवू नका. तोही वाचेल आणि स्वतःलाच उत्तर देईल. आणि त्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरही थकलेल्या असतील. तू म्हणतोस, कोणाचा जीव घेण्याआधी बाजूला होतो. बाजूला होऊन तो जीव वाचत नाही, डायरी.

आईला न्यायला मी २१ तारखेला सकाळी येते आहे. सहा महिने ती माझ्याकडे, पुढचे सहा मधल्याकडे. तो जागेची अडचण सांगत होता; मी त्याला त्याच्या बैठकीच्या खोलीचं माप तोंडपाठ म्हणून दाखवलं. शेंडेफळ दर पंधरा दिवसांनी तुमच्याकडे येऊन राहील आणि टाचणीला हातभार लावेल. शेंडेफळाला शिवण येत नाही, पण काजं करायला शिकेन म्हणते. आईने हे सगळं फोनवर ऐकलं आणि म्हणाली की मला कोणी विचारलंच नाही. बरोबर आहे तिचं. मी आले की आधी तिला विचारीन.

२२ ला मी तुझ्यासोबत येईन आणि बाहेरच्या बाकावर बसेन. आत येणार नाही. एक शब्द बोलणार नाही. माझ्या भाषणाने तुझी बाजू भक्कम होणार नाही, ती तुझ्याच अक्षराने होईल. आत विसरायला होईल, म्हणून हे पत्र खिशात ठेव आणि हा शेवटचा भाग तिथे उघडून वाच. तिथे कागद बघून वाचण्यात लाज कसली, तुमच्या कामाची रीतच ती आहे.

कागद समोर आला की सहीची जागा सोडून दे. शेवटून दुसरी ओळ शोध, पडताळणी करणारी दुसरी व्यक्ती. ती प्रमुखांना भरू देऊ नकोस. पुढच्या कोऱ्या जागेत, सरळ अक्षरात, एवढंच लिही: दोन वर्षांपासून कोणीही नाही.

तुझ्यावरचा लोभ तुला मागावा लागू नये, एवढीच माझी इच्छा.

ताई